पाच वर्षं झाली, रोबोट कुठाय?

महालक्ष्म्यांचं जेवण झाल्यावर इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी सगळे पुरणपोळीनं सुस्तावले होते. तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगला माणसांसोबत रोबोटांचीही अर्धमॅरेथॉन झाली, त्याचा. एकवीस रोबोट, एकवीस किलोमीटर. एक तर सुटायच्या रेषेपाशीच आडवा झाला. जो पहिला आला त्याला दोन तास चाळीस मिनिटं लागली, आणि तोही वाटेत एकदा पडला, बॅटऱ्या बदलून घेत धावला. घरातली पोरं हसून हसून लोळली.

आईनं चष्मा वर केला आणि माझ्या भाचीकडे वळून विचारलं, "काय गं, तू पण हेच करतेस ना? पाच वर्षं झाली. तुझा रोबोट कुठाय?"

"आजी, माझा अजून कॉम्प्युटरातच पळतो. आणि तिथंही भिंतीवर आपटतो."

आईला हे उत्तर पटलं नाही. मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं. रोबोटिक्समध्ये पीएचडी करणारी मुलगी, तिचे प्राध्यापक, त्यांची प्रयोगशाळा, आणि दाखवायला एकही चालता-बोलता रोबोट नाही? मी गेलं वर्षभर तिला खोदून खोदून विचारतो आहे. जे मला समजलं ते इथं लिहितो.

मिक्सर आणि स्वयंपाकीण

मिक्सरचं बटण दाबलं की तो फिरतो. भांड्यात डाळ आहे की तुमचं बोट, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. स्वयंपाकीण मात्र फोडणीचा वास घेते, गॅस बारीक करते, मग पळी हलवते. रोबोट म्हणायचं ते या दुसऱ्या प्रकारच्या यंत्राला: भोवतालचं जाणून घ्यायचं, त्यावरून ठरवायचं आणि मग हालचाल करायची. जाणून घेणाऱ्या भागाला सेन्सर म्हणतात, म्हणजे कॅमेरा, लेझर, स्पर्श कळणारी बोटं वगैरे. ठरवण्याची जी पायरीपायरीची कृती असते तिला अल्गोरिदम म्हणतात. पाककृतीच समजा, फक्त "चवीपुरतं मीठ" असं मोघम लिहायची तिथं सोय नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, ही या मधल्या 'ठरवण्या'त येते. दोन्ही गोष्टी एकमेकींशिवाय असू शकतात. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. तो तापलेले धातूचे भाग उचलून ठेवायचा, पण आंधळा होता. भाग जागेवर नसेल तरी हात तिथंच जायचा. उलट १९९७ साली बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवणारा कॉम्प्युटर हुशार खरा, पण त्याची प्यादी सरकवायला समोर एक माणूस बसवावा लागला होता. या दोन टोकांमधली दरी भरायची, हे रोबोटिक्सच्या प्राध्यापकांचं काम. दरी मोठी आहे, म्हणून प्रत्येक जण आपल्यापुरता एक कोपरा निवडतो आणि त्यात आयुष्य घालवतो.

भाचीचा कोपरा आहे रस्ता काढणं.

रामबागेतून सराफ्यात

रात्री दहा वाजता रामबागेतून निघून सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, जायचंय. कुठल्या गल्ल्यांनी गेलं तर सगळ्यात जवळ पडेल? माणूस याचा विचारही करत नाही. यंत्राला मात्र हे शिकवावं लागलं, आणि ते शिकवलं एका डच माणसानं. एड्सगर डाइक्स्ट्रा १९५६ साली होणाऱ्या बायकोसोबत ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमले, एका कॅफेत कॉफी प्यायला बसले आणि वीस मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता, त्यांना ही युक्ती सुचली. १९५९ साली ती छापून आली, जेमतेम तीन पानांत. (बायकोसोबत खरेदीला जाण्याचे फायदे मी घरात सांगून पाहिले. उपयोग झाला नाही.)

युक्ती अशी. फरशीवर पाणी सांडलं की ते सगळीकडे सारखं पसरतं. तसं रामबागेतून 'पाणी' सोडायचं, आणि ते ज्या चौकात पहिल्यांदा पोचेल तिथं अंतर लिहून ठेवायचं. सराफ्यात पोचलं की झालं. उत्तर हमखास बरोबर येतं, पण सराफा राजवाड्याच्या मागे असताना हे पाणी पलासियाकडच्या गल्ल्याही भिजवत बसतं. वेळ फुकट.

१९६८ साली कॅलिफोर्नियातल्या तिघांनी यात एक भर घातली. त्यांच्याकडे एक डुगडुगता रोबोट होता आणि त्याला खोलीतून वाट काढायची होती. त्यांनी प्रत्येक चौकात दोन आकडे धरले: इथवर किती आलो, आणि इथून पुढे अंदाजे किती राहिलं. अंदाज म्हणजे मधल्या घरांवरून सरळ दोरी ताणली तर भरेल तेवढं अंतर. दोन्हींची बेरीज जिथं कमी, तिकडे आधी बघायचं. पाणी आपोआप सराफ्याकडे ओढलं जातं. अट एकच: अंदाज खऱ्या अंतरापेक्षा कधी जास्त धरायचा नाही. ती पाळली तर उत्तर चुकत नाही, हे त्यांनी गणितानं सिद्ध केलं. मोबाइलवरचा नकाशा तुम्हाला रस्ता दाखवतो, त्याच्या मागेही याच घराण्यातल्या पद्धती असतात.

इथवर सोपं होतं. आता रस्त्याऐवजी रोबोटचा हात घ्या. खांदा, कोपर, मनगट धरून सहा सांधे, आणि प्रत्येक सांध्याच्या शंभर अवस्था. शंभर गुणिले शंभर असं सहा वेळा करा: एक लाख कोटी शक्यता होतात. सेकंदाला दहा लाख तपासल्या तरी साडेअकरा दिवस लागतील, आणि तेही एक पेला उचलायला. चहा गार होईल.

म्हणून १९९८ साली स्टीव्हन लावाल यांनी वेगळीच वाट धरली. सगळं तपासायचंच नाही. डोळे मिटून कुठलाही एक बिंदू निवडायचा, निघायच्या जागेपासून वाढत जाणाऱ्या वाटांच्या झाडाची जी फांदी त्याच्या सगळ्यात जवळ असेल ती त्या दिशेनं थोडी वाढवायची, मध्ये काही आडवं येत नाही ना एवढं बघायचं. पुन्हा बिंदू, पुन्हा फांदी. बघता बघता झाड मोकळ्या जागेत भराभर पसरतं आणि एखादी फांदी मुक्कामाला टेकते. वाट मिळते, फक्त ती वेडीवाकडी असते. पुढे २०११ साली दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की ही पद्धत कितीही वेळ चालवली तरी सगळ्यात चांगली वाट देईलच असं नाही, आणि फांद्या वेळोवेळी नव्यानं जोडत गेलं तर मात्र उत्तर सुधारत सुधारत त्या वाटेजवळ पोचतं. एकानं काढलेल्या पद्धतीतली उणीव दुसऱ्यांनी तेरा वर्षांनी भरली. या क्षेत्रातलं बहुतेक काम असंच चालतं.

अक्षता आणि अंतरपाट

आता भाचीची पाच वर्षं. हे डोळे मिटून बिंदू टाकणं म्हणजे लग्नात अक्षता उधळण्यासारखं आहे. हजार दाणे उधळा. बहुतेक मांडवभर सांडतात, पुढच्या रांगेतल्या काकूंच्या केसांत अडकतात. अंतरपाटाच्या दोन बाजूंना जी चिमूटभर जागा असते तिथं किती पडतात? रोबोटच्या बाबतीत ती चिमूटभर जागा म्हणजे अरुंद दार, दोन खुर्च्यांमधली फट, कपाटात हात घालायची पोकळी. नेमकं तिथूनच जायचं असतं आणि नेमका तिथंच बिंदू पडत नाही.

या अडचणीवर जगभर कित्येक वर्षं काम चालू आहे. भाचीचा प्रयत्न असा: आधी हजारो वेगवेगळ्या घरांचे नकाशे यंत्राला दाखवायचे, त्यावरून 'साधारण फट कुठे असते' याचा अंदाज त्याला शिकवायचा, आणि अक्षता त्या बाजूला जास्त टाकायच्या. अंदाज चुकला तरी काही दाणे इतरत्र पडत राहिले पाहिजेत, नाहीतर खरी वाटच हुकेल. किती दाणे इकडे आणि किती तिकडे, या एका प्रश्नावर तिची दोन वर्षं गेली. आईला मी हे अक्षतांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग असं सांग ना. रोबोट कशाला म्हणतोस?"

वीज गेल्यावर माठ शोधणं

वाट सापडली तरी आपण कुठे उभे आहोत हे कळायला हवं. रात्री वीज गेली की आपण काय करतो? हात पुढे करून चाचपडतो. फ्रिज लागला, म्हणजे माठ डावीकडे. दोन पावलं टाकतो आणि तिथं माठाऐवजी स्टूल लागलं की मनातलं ठिकाण दुरुस्त करतो. रोबोट हेच करतो, पण शक्यतांच्या हिशेबानं: "मी बहुधा इथं आहे, थोडी शक्यता तिथं असण्याची." चाक घसरलं की खात्री कमी होते, ओळखीची खूण दिसली की वाढते. नवख्या घरात तर नकाशा काढणं आणि त्या नकाशात स्वतःला शोधणं, दोन्ही एकदम करावं लागतं.

आणि जग खोड्या काढतं. लेझरचा किरण काचेतून आरपार जातो, त्यामुळे काचेचं दार रोबोटला मोकळी हवा वाटतं. भाचीच्या प्रयोगशाळेतल्या गाडीनं अशा दारावर किती वेळा डोकं आपटलं याची नोंद तिथल्या फळ्यावर खडूनं ठेवली आहे म्हणे.

दहीवडा उडवणारा हात

सराफ्यात दह्यानं भरलेला दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात. एक थेंब सांडत नाही. मग बोटांच्या एकाच चिमटीत धरलेले वेगवेगळे मसाले एकेक करून भुरभुरतात. गर्दी द्रोणाकडे बघते. रोबोटिक्सवाल्यानं ती बोटं बघावीत. दही किती पातळ आहे, द्रोण किती वाकेल, तिखटाचे कण कोणत्या बोटाखाली आहेत, हे सगळं तो माणूस बोलता बोलता जाणतो. आजच्या कुठल्याही रोबोटला हे जमवायला सांगा.

हान्स मोराव्हेक या रोबोटतज्ज्ञानं १९८८ साली हीच उलटी गंमत मांडली: बुद्ध्यांकाच्या चाचणीत किंवा पटावरच्या डावात मोठ्या माणसाची बरोबरी करणं यंत्राला तुलनेनं सोपं, पण वर्षभराच्या बाळासारखं बघणं आणि हालचाल करणं महाकठीण. आपलं चालणं, पकडणं, तोल सांभाळणं यामागे कोट्यवधी वर्षांची तालीम आहे, म्हणून ते आपल्याला सोपं वाटतं. गणित आपण परवा-परवा शिकलो. बीजिंगमध्ये आडव्या झालेल्या रोबोटला आमच्या घरी पोरं हसली ती याचमुळे. धावणं म्हणजे काही विशेष, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

मग प्राध्यापक दिवसभर करतात काय?

शिकवतात, हे झालंच. त्यापलीकडे त्यांचं मुख्य काम प्रश्न निवडणं. फार सोपा निवडला तर कुणी विचारत नाही, फार अवघड निवडला तर विद्यार्थ्याची पीएचडी लटकते. उत्तर आलं की लेख लिहायचा. तो परिषदेकडे किंवा नियतकालिकाकडे गेला की त्याच विषयातले दोन-तीन जाणकार, बहुधा नाव न कळवता आणि फुकट, तो तपासतात. हे म्हणजे सासरच्या पहिल्या पंगतीत जावांनी भाजी चाखण्यासारखं: एकीला मीठ कमी, दुसरीला जास्त, आणि तिसरी विचारते, ही भाजी मुळात केलीच का. भाचीचा पहिला लेख दोनदा परत आला होता. दुसऱ्या वेळी आलेला शेरा तिनं फ्रिजवर चिकटवला आहे.

करिअर मोजायचं कसं, यावरही एक आकडा आहे. २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो सुचवला. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी निदान दहा दाखले मिळाले, म्हणजे इतरांच्या लेखांत तेवढे उल्लेख झाले, त्याचा निर्देशांक दहा. एकाच लेखाला हजार दाखले आणि बाकीचे कोरे, तर निर्देशांक एक. नेमणूक-बढतीच्या वेळी हा आकडा पुढे येतो. माझ्या मते ही मोजपट्टी पंगतीत किती पानं उठली यावरून स्वयंपाक जोखणारी आहे. पण निवड समितीपुढे शंभर अर्ज असतात आणि वेळ एका दुपारचा, हेही खरं.

पैसे? नेट ही पात्रता परीक्षा देऊन फेलोशिप मिळवलेल्या विद्यार्थ्याला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढच्या टप्प्यात ४२,०००. यंत्रसामग्रीसाठी प्राध्यापकाला सरकारी योजनांकडे प्रस्ताव पाठवावे लागतात. २०१८ साली केंद्रानं अशा यंत्र-संगणक जोडकामासाठी ३,६६० कोटींची मोहीम मंजूर केली आणि देशभर पंचवीस केंद्रं काढली. त्यातलं 'दृष्टी' हे केंद्र आपल्या इंदूरजवळच्या सिमरोलच्या आयआयटीत आहे, जी स्वतः २००९ पासूनची.

आणि विषय पायाखालून सरकतो, ते वेगळंच. जेफ्री हिंटन आणि त्यांच्या साथीदारांनी १९८६ साली मज्जातंतूंच्या नकलेवर बेतलेली जाळी शिकवण्याची रीत पुढे आणली. त्यानंतर कित्येक वर्षं बहुतेकांनी तिच्याकडे पाठ फिरवली होती. २०१२ साली चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या जाळ्यानं सगळ्यांना मागे टाकलं आणि दोन-चार वर्षांत कॅमेऱ्यावर काम करणाऱ्या अर्ध्या जगाला आपलं काम नव्यानं शिकावं लागलं. हिंटनना २०२४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. ज्यांनी तोवर हातानं नियम लिहिण्यात उमेदीची वर्षं घातली होती, त्यांची नावं आपल्याला माहीतही नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर राज रेड्डी. १९३७ साली आंध्रातल्या कटूर गावात जन्म, मद्रासला गिंडीच्या कॉलेजात शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचं, म्हणजे पूल आणि इमारतींचं. १९६६ साली स्टॅनफर्डहून पीएचडी. पुढे आयुष्यभराचा प्रश्न: यंत्राला माणसाचं बोलणं कळेल का? १९७९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातली रोबोटिक्स संस्था सुरू झाली तिचे ते पहिले संचालक, आणि १९९४ साली संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना विभागून मिळाला. आज तुम्ही फोनला तोंडी हुकूम सोडता, त्यामागच्या पायाभरणीत त्यांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे.

"पण नुसत्या लेखांनी काय होतं?"

हा आक्षेप आमच्या घरात मेहुण्यांनी घेतला. त्यांना मी वाळवंटातली शर्यत सांगितली. २००४ साली अमेरिकी लष्कराच्या संशोधन विभागानं चालकाविना गाड्यांची स्पर्धा लावली. अंतर १४२ मैल, बक्षीस दहा लाख डॉलर. एकही गाडी पोचली नाही. सगळ्यात पुढे गेलेली बारा किलोमीटरच्या आतच अडकून बसली. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. दीड वर्षानं, ऑक्टोबर २००५ मध्ये, पुन्हा शर्यत झाली आणि दोनशेवर किलोमीटरचा मार्ग पाच गाड्यांनी पूर्ण केला.

दीड वर्षात काय जादू झाली? जिंकलेल्या स्टॅनफर्डच्या गटाचे प्रमुख सेबॅस्टियन थ्रुन नव्वदच्या दशकापासून त्या 'मी बहुधा इथं आहे'वाल्या हिशेबावरच लेख लिहीत होते. लेखांचा ढीग आधीच तयार होता. तो गाडीवर चढवायला दीड वर्ष लागलं.

"आपल्या रस्त्यावर चालेल का हे?"

मेहुण्यांचा दुसरा प्रश्न, आणि हा बिनतोड. भर रस्त्यात गाय बसलेली, उलट्या बाजूनं ई-रिक्षा, दुचाकीवर तिघं आणि वर गॅसची टाकी. युरोपात टिपलेल्या चित्रांवर शिकलेल्या यंत्राला रिक्षा म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. शिकवलेल्या यादीत ती नाहीच, मग ते तिला मोटार समजेल नाहीतर काहीच नाही. म्हणून २०१८ साली हैदराबादच्या आयआयआयटीनं हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांवरची सुमारे दहा हजार चित्रं जमवून, त्यातली प्रत्येक वस्तू खुणा करून, सगळ्यांसाठी खुली केली. त्यात रिक्षा आणि जनावरं यांचे वेगळे वर्ग आहेत. पण 'ही गाय उठणार की नाही' हे ओळखणं त्या पुढचं. इंदूरच्या रस्त्यांवर चालकाविना गाडी मी माझ्या हयातीत पाहीन असं मला वाटत नाही. बंद आवारातल्या, ठरल्या वाटेच्या गाड्या मात्र पाहीन.

"आणि नोकऱ्या?"

जिथं जागा ठरलेली, वस्तू सारखी आणि काम तेच ते, तिथं यंत्र आधी शिरतं. कारखान्यातलं वेल्डिंग, गोदामातली उचलठेव. पिथमपूरच्या कारखान्यांवर पोटं भरणाऱ्या घरांना ही धास्ती वाटली तर ती खोटी नाही, आणि 'नव्या नोकऱ्या येतील' हे वाक्य पन्नाशीच्या वेल्डरला तोंडावर सांगायला मी धजणार नाही. सराफ्यातल्या दहीवडेवाल्याला मात्र बराच काळ काळजी नाही.

काही कामं मात्र गेलीच पाहिजेत. केरळमधल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या एका कंपनीनं गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरणारा 'बँडिकूट' नावाचा रोबोट बनवला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर कायद्यानं २०१३ सालीच बंदी आणली, तरी माणसं उतरतात आणि गुदमरून मरतात. तिथं कुणाची नोकरी जाईल म्हणून हळहळायचं कारण मला दिसत नाही.

मुलांनी काय शिकावं

हे विचारणारे पालक बरेच भेटतात, म्हणून थोडक्यात. रोबोट जोडायच्या तयार पेट्या मजेशीर असतात, महागही असतात. भाची म्हणते तिला कामाला आलं ते बारावीचं गणित: सदिश, मॅट्रिक्स आणि शक्यतेचा हिशेब. मेकॅनिकल, कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, कुठल्याही दारानं आत येता येतं. आणि एक गोष्ट नापास होण्याची सवय असण्याची. तिचा कॉम्प्युटरातला रोबोट एका रात्रीत हजारदा भिंतीवर आपटतो आणि सकाळी चहा पिताना ती ते हजार अपघात बघत बसते.

गेल्या आठवड्यात ती घरी आली तेव्हा आईनं पुन्हा विषय काढला. या वेळी जरा सबुरीनं.

"ते अक्षतांचं कळलं मला. पण खरी वस्तू काही आहे का नाही तिथं? चाकं-बिकं?"

"आहेत ना आजी. चार चाकं आहेत. तुमच्या पाटाएवढी गाडी आहे. परवा दोन टेबलांच्या मधून स्वतःहून गेली, कुठंही न आपटता."

"अगंबाई! मग दाखव की."

"एक चाक दुरुस्तीला गेलंय."